बर्फातल्या उपाशी माणसांची पोथी

दादा फौजेत होता आणि त्या हिवाळ्यात त्याची बदली बर्फाच्या मुलखात झाली. पोचल्याचं एक पत्र आलं, मग काहीच नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी आज धावली तर उद्या नाही, टपालाचंही तसंच, असं मी मायला हजारदा समजावलं. पण पत्र येईपर्यंत तिनं रात्रीचं जेवण सोडलं ते सोडलंच. मला दादाचा असा राग यायचा! दोन ओळी खरडायला हात मोडले होते का याचे? आणि मायचं सुकलेलं तोंड बघून रडूही यायचं.

मी तेव्हा झरीच्या शाळेत नववीला होते. शाळेच्या कपाटात मला एकोणिसाव्या शतकातल्या एका मोहिमेचं पुस्तक सापडलं. काही गोरे लोक पायी आणि होड्यांतून पार उत्तरेकडच्या समुद्राचा किनारा मोजत, त्याचा नकाशा काढत निघालेले. बर्फ म्हटल्यावर मायनं कान टवकारले. रोज तिसऱ्या प्रहरी ती वाती वळायची आणि मी वाचायचे. आधी पुस्तकाला हळदकुंकू! शाळेच्या पुस्तकाला डाग पडतील म्हणून मी ओरडायचे, तिला त्याचं काही नव्हतं.

"पोटात अन्न न्हाई आन् येड्यावानी नकाशे काय काढायलेत!" ती चिडायची.

एक दिवस त्यांचं खाणं संपलं. त्यांनी दगडावरचं शेवाळ खरवडून खाल्लं, मग जोड्यांचं कातडं भाजून. एकेक जण बर्फात पडून राहायला लागला. दिवेलागण झाली होती, माझा घसा बसला होता. उद्या वाचू म्हणून मी पुस्तक मिटलं.

"उघड," माय म्हणाली. "पोथी अशा जागी ठिवीत नसतेत. लेकरं उपाशी सोडून उठायलीस व्हय?"

ही पोथी नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिनं वाती बाजूला सारून दिवा माझ्याजवळ सरकवला आणि मी पुस्तक पुन्हा उघडलं. पुढं सगळेच मेले तर, या भीतीनं मला पान उलटवेना. वीसेक पानांनंतर त्या मुलखातले शिकारी मांस घेऊन आले. त्यांनी जाळ केला आणि उरलेल्यांना हातानं भरवलं.

"कोन हुते ते? नात्यातले?"

"नाही गं, तिथलेच. परके."

मायनं पदरानं डोळे पुसले. "म्हंजे तिकडंबी कुनी तरी जेवू घालीत असंल माझ्या लेकराला."

मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "वाढ बाई, लय भूक लागली."

पत्र अजून आलंच नव्हतं. मी माझ्यातली अर्धी भाकर तिच्या ताटात घातली.