फ्रीजच्या स्लिपर

माझी धाकटी जाऊ सुनंदा फ्रीजचा दरवाजा उघडताना गेली.

आज तिचं तेरावं झालं. अजून खरं वाटत नाही. दुपारी पानं वाढताना मी एक पान जास्त घेतलं.

तेरा दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतोय. "स्लिपर घालायला कशी गो विसरली?"

ती विसरली नव्हती.

तेच सांगायला ही पोस्ट लिहिते आहे.

आमच्या फ्रीजला वर्षभर करंट येत होता. फार नाही, बोटांना मुंग्या आल्यासारखा. पायात रबरी स्लिपर असली की लागायचा नाही. म्हणून मी एक जुना निळा जोड धुऊन फ्रीजसमोर ठेवला. पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली. घरात त्यांचं नावच पडलं, फ्रीजच्या स्लिपर.

सुनंदा हसायची. "ताई, हा फ्रीज अगदी तुमच्यावर गेलाय. न विचारता हात लावला की चावतो!"

दिवाळीच्या आधी शहापूरहून वायरमन आले होते, भरतभाऊ. पंखा बसवायला. त्यांनी फ्रीजला टेस्टर लावला, तो पेटला.

"वहिनी, तुमचं अर्थिंग बरोबर नाय. स्लिपरवर किती दिवस काढणार? एक दिवस द्या मला, सगळं चेक करतो."

मी म्हटलं, "भात झोडून होऊ दे, मग बघू."

भात झोडून झाला. पेंढा पण रचून झाला. मी फोन केला नाही. स्लिपरवर भागतंय तर खर्च कशाला, हा माझा हिशेब.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. लक्ष्मीचा घट मांडलेला. मी लादी पुसून घेतली होती, अजून ओलीच होती. सुनंदा न्हाऊन आली. खिरीसाठी दूध काढायला फ्रीजकडे गेली आणि सवयीने पाय स्लिपरमध्ये घातले.

मी ओरडले. "सुनंदा! समोर लक्ष्मी बसली आहे आणि पायात चपला? काढ आधी!"

"ताई, दूधच काढते फक्त."

"काढ म्हटलं ना."

तिने काढल्या. नीट जोडीने दाराबाहेर ठेवून आली.

मी वाती तुपात भिजवत होते. फ्रीजकडे माझी पाठ होती.

ती ओरडली पण नाही. दुधाची पिशवी पडल्याचा आवाज आला, तेवढाच.

भाऊजींनी, तिच्या नवऱ्याने, धावत येऊन मेन स्विच पाडला. गाडी करून शहापूरला नेलं. तिथे डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गेली.

चौथ्या दिवशी भरतभाऊ आले. कोणी बोलावलं नव्हतं. सगळ्या वस्तूंचे प्लग काढून ठेवले. त्यांच्याकडे होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब होता, त्याला दोन वायरी. प्लग पॉइंटच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घातली.

बल्ब पेटेना.

दुसरा पॉइंट. तिसरा. सगळं घर फिरले. एकाही ठिकाणी पेटला नाही.

मग ते अर्थिंगच्या हिरव्या वायरच्या मागे मागे मोरीपर्यंत गेले. पूर्वी ती वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, पाइप खाली जमिनीत गेलेला. गेल्या वर्षी नळ नवीन घेतला तेव्हा पाइप प्लास्टिकचा आला. हिरवी वायर कोणीतरी त्यालाच परत गुंडाळून ठेवली.

"प्लास्टिकला बांधलीय, वहिनी. करंटला जमिनीत जायला वाटच नाय ठेवली. मग तो माणसातून जातो."

मी दहावी पास आहे. हे विज्ञानाच्या पुस्तकात होतं. तिसरी पिन कशासाठी, ते उत्तर माझं पाठ होतं.

भरतभाऊंनी परसात खड्डा मारला, रॉड घातला, मीठ आणि कोळसा भरला. परत बल्ब लावला. सगळ्या पॉइंटवर पेटला. मग करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. एका दिवसात काम झालं. एका दिवसात.

भाऊजी, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यासमोर उभी राहून सांगायला जमलं नाही. दहाव्याला तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "एवढं बजावून पण तिने ऐकलं नाय." मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चहा वाटत राहिले.

तिने ऐकलं, भाऊजी. माझं ऐकलं.

यापुढे तिला कोणी निष्काळजी म्हणू नका. जे म्हणायचं ते मला म्हणा.

आणि तुमच्या घरी फ्रीजला, मशीनला, गीझरला मुंग्या येत असतील तर कृपा करून आजच वायरमनला बोलवा. भात झोडून होईपर्यंत थांबू नका.

त्या स्लिपर मी परत आत आणल्या आहेत. गुरुवारी पण तिथेच राहतील. देवी मला काय ते विचारेल.

पण त्या कोणी घालत नाही. मी रोज अनवाणीच फ्रीज उघडते. दरवाज्यावर पूर्ण तळवा टेकवून उभी राहते.

काहीच होत नाही गो, सुनंदा.

काहीच होत नाही.

नीट जा, बाय माझी. ताईचा तुला शेवटचा नमस्कार.