वारं आलं नाही

माझ्या वडिलांच्या अंगात ग्रामदेवी येत असे. वर्षातून एकदा, चैत्रातल्या पालखीला. अंगात देवी येण्याला आमच्याकडे वारं म्हणतात, ज्याच्या अंगात येते त्याला झाड, आणि हा मान आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून चालत आलेला होता. एरवी वडील साधे शेतकरी. भाताच्या खाचरात राबायचे, कमी बोलायचे, ताकभात खाऊन ओटीवर पडायचे. पण पालखीच्या दिवशी देवळासमोर ढोल आणि सनईचा आवाज चढायला लागला की त्यांच्या पाठीतून थरकाप जायचा, आणि मग ते आमचे उरायचे नाहीत. माणसं पुढे होऊन त्यांना विचारायची. मुलगी कुठल्या घरी द्यावी, भावाभावांत वाटणी करावी का, पोराला बाहेरचं काही लागलंय का. त्यांच्या तोंडून जे येईल तसं गाव वागायचं.

आमचं गाव मुरूडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी आगरदांड्याला लाँचवर खलाशी होतो. खाडीपलीकडे दिघीला माणसं न्यायची, तिकडची इकडे आणायची. पावसाळ्यात लाँच बंद, मग घरची शेती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. त्या वर्षीच्या भाद्रपदात वडील तापाने गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर धाकटे काका ओटीवर येऊन बसले. वडिलांच्या मागे भावकीत तेच मोठे.

"चैताला तुला हुबं ऱ्हायला लागंल," ते म्हणाले.

"माझ्या अंगात कवा काय आलं न्हाय, काका."

"बाप होता तवर कशाला येईल? आता येईल."

आई दारात उभी होती. तिने होकाराची मान हलवली. माझं ठरून गेलं होतं, मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून मी स्वतःच्या अंगावर पाळत ठेवायला लागलो. लाँचच्या इंजिनाने पायाखालच्या फळ्या थरथरायच्या, तर मला वाटायचं, ही सुरुवात तर नव्हे? देवळावरून जाताना मुद्दाम थांबायचो. थंडीने अंगावर काटा आला तरी छाती धडधडायची. येऊ दे, असंही वाटायचं. आली तर सगळेच सुटले असते. पण अंग माझं ते माझंच राहायचं. चैत्र जवळ येऊ लागला तशी माझी झोप उडाली.

एका दुपारी आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"बाबांच्या अंगात खरंच यायची?"

सूप थांबलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण रागावली नाही.

"त्यांना मागनं काय सुदीक आठवायचं न्हाय," ती म्हणाली. "मीच सांगायची, तुमी ह्याला असं बोललात, तिला तसं बोललात. ऐकून गप बसायचे. अंग तर असं दुखायचं, की हात लावू द्यायचे न्हाईत. खोटं करनाऱ्याचं अंग कशाला दुखंल?"

खरं सांगायचं तर, वडीलही सोंगच करत होते असं तिने म्हणावं, अशी माझी आशा होती. मग मीही केलं असतं. बापाने केलं ते मुलाने केलं, कोण काय म्हणणार? पण त्यांचं खरं होतं. त्यांच्या जागी उभं राहून खोटं हलायचं, म्हणजे त्यांचंही खोटं ठरवायचं.

काकांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, गिरणीत काम बघायला मुंबईला गेला होता. सुरुवातीला निरोप यायचा, पुढे तोही बंद झाला. गावातली मुंबईला जाऊन आलेली माणसं म्हणायची, दिसला नाही. त्याची बायको, आमची वहिनी, काकांच्या घरात राबत होती. शेण-पाणी, लावणी, कापणी, सगळं तिच्यावर. मूलबाळ नव्हतं. ती कुणाशी फार बोलत नसे.

पालखीला थोडे दिवस उरले असताना ती विहिरीवर भेटली. हंडा काठावर ठेवून म्हणाली, "भावजी, औंदा मी इचारनार हाय."

"काय इचारनार?"

"वाट बघू का नको, येवढंच. देवी बोलंल तसं करीन. माहेरी जा म्हनली तर जाईन. ऱ्हा म्हनली तर मरस्तवर ऱ्हाईन." तिने पदर नीट केला. "मानसांना इचारून भागलं आता."

हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला, तेव्हा माझेच हात कापत होते. तिने ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आदर आला. देवी जवळ आली, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्याच दिवशी काका आगरदांड्याला आले. लाँच सुटायला वेळ होता. मला बाजूला घेऊन ते धक्क्याच्या कडेला बसले.

"ती तुला इचारंल," ते म्हणाले. "येईल म्हन. थांब म्हन."

"काका, मला काय ठावं तो येनार का न्हाय?"

"मला तरी काय ठावं? पन ती गेली तर घर मोडलं. लोक म्हनतील, पोरगा मेलाच." त्यांचा आवाज फाटला. "मला पन ऐकायचं हाय रं. तुज्या तोंडून न्हाय, देवीच्या तोंडून."

काका वाईट माणूस नव्हते. ते दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हणू शकलो नाही. लाँचचा भोंगा झाला तसा उठलो.

बायकोला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. आमची ओळख तशी नवी, अजून एकमेकांसमोर लाजत होतो. तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुमी न्हाय म्हनलात तर आपल्या खाचरात लावनीला कोन येनार न्हाय. आई तुमच्याशी बोलनार न्हाईत."

"मग?"

"मग काय. आपन दोघं लावू." तिने भाकरी उलटली. "पन खोटं बोलून आलात, तर मी तुमच्याशी काय बोलू, ते मला कळंना."

पालखीच्या दिवशी सकाळपासून आईने मला उपाशी ठेवलं. वडिलांचं धोतर नेसवलं, कपाळाला भंडारा लावला. उन्हं चढली होती. देवळासमोर गाव जमलं होतं, मुंबईची माणसंही आली होती. मला मध्ये उभं केलं, आणि ढोल सुरू झाले.

पायाखालची कातळाची फरशी तापली होती. घाम मानेवरून पाठीवर उतरत होता. सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यांवर होते, कारण वडिलांचे खांदे आधी हलायचे. ढोलवाले माझ्याकडे बघून हात वाढवत होते. समोर बायकांत वहिनी उभी होती, तिच्या हातात नारळ. काका तिच्यापासून जरा लांब, हात जोडून.

मी मनापासून वाट पाहिली, हे मला लिहायलाच हवं. डोळे मिटले आणि म्हटलं, बाई, यायचं असेल तर आता ये. मी अडवत नाही. ढोल छातीत वाजत होते. पायाला चटके बसत होते. कुणीतरी खोकलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं. एखादं पोर रडलं, तेही ऐकू आलं. सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. वडिलांना काही कळायचं नाही.

"हल जरा," मागून कुणीतरी पुटपुटलं. "हल, म्हंजी येतंय."

खांदा सहज हलवता आला असता. एवढंसं काम होतं. पुढचं ढोलांनी केलं असतं.

मी डोळे उघडले, पालखीसमोर गुडघे टेकून नमस्कार केला आणि उठून हात वर केला. ढोल एकेक करत थांबले.

"माज्या अंगात देवी आली न्हाय," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा म्हणावं लागलं. "कुनाला इचारायचं असंल तर देवीला फुलं लावून कौल घ्या. माज्याकडनं खोटं वदवू नका."

कुणी ओरडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग माझ्याभोवतीची जागा हळूहळू रुंद होत गेली. आई तोंडाला पदर लावून घराकडे निघाली. काका तिथेच उभे होते, जोडलेले हात खाली घ्यायचे विसरून. वहिनीने नारळ पालखीपुढे ठेवला आणि काही न विचारता मागे सरली.

बायको म्हणाली होती तसंच झालं. पाऊस पडून रोपं तयार झाली, पण आमच्या खाचरात कुणी उतरलं नाही. वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही, फक्त प्रत्येकाला त्या दिवशी दुसरं काम असायचं. मी आणि बायको चिखलात वाकून लावत होतो. आई बांधावर भाकरी ठेवून न बोलता परत जायची. गावात कुणाची म्हैस मेली, कुणाचं पोर तापलं, की मला वाटायचं, हे माझ्या नावावर जाणार. खरंच माझ्यामुळे असेल तर? तो विचार मला कधी पूर्ण सोडून गेला नाही.

एक दिवस वहिनी खाचरात आली. लुगडं खोचून माझ्या बायकोशेजारी वाकली आणि लावायला लागली. दुपारपर्यंत लावलं, मग हात धुताना म्हणाली, "भावजी, पाऊस संपून बोट सुरू झाली की मी जाते. मुंबईला. त्याला शोधते."

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. रडले. पन अडवलं न्हाय." ती थांबली. "त्या दिवशी तुमी थांब म्हनला असता, तर मी थांबले असते. मग कवाच उठले नसते."

मला आनंद झाला नाही, भीती वाटली. एकटी बाई, मुंबईसारखं ठिकाण. तिचं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्याच खात्यात. ती गेल्यावर कितीतरी महिने मी प्रत्येक मुंबईकराला तिच्याबद्दल विचारत होतो. काही वर्षांनी ती आली, एकदाच. एका दवाखान्यात आयाचं काम करत होती. नवरा सापडला होता, दुसऱ्या बाईबरोबर. "हाय, जिता हाय," तिने काकांना सांगितलं. काका त्यानंतर जरा सावरले. मुलगा जिवंत आहे, एवढं त्यांना पुरलं.

मी नाही म्हटलं त्याच्या पुढच्याच चैत्रात वरच्या आळीतल्या एकाच्या अंगात देवी आली. त्याचं खरं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मी गर्दीत मागे उभा होतो. आई गर्दीतून वाट काढत पुढे गेली, त्याच्यासमोर वाकली आणि काहीतरी बोलली. तो घोगऱ्या आवाजात उत्तरला. मला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर तिने वर्षभरात पहिल्यांदा मला हाक मारली आणि समोर बसवलं.

"मी इचारलं, माजा पोरगा चुकला का," ती म्हणाली.

"मग?"

"देवी म्हनली, मी त्याच्याकडं गेलेच नव्हते."

तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला मात्र हायसं वाटता वाटता आत काहीतरी दुखलं. इतकी हाक मारली, तरी देवी आली नव्हती म्हणायची. की त्या माणसाने माझ्या आईवर दया केली? मी आईला ते विचारलं नाही. तिने ताटात भात वाढला, मी जेवलो.

त्या पावसाळ्यात दोन घरची माणसं आमच्या लावणीला आली. नंतरच्या वर्षी आणखी काही. पुढे कधीतरी मला पालखीला खांदा द्यायला बोलावलं, सगळ्यांना बोलावतात तसं. दांडा खांद्यावर घेतला, तेव्हा कळलं की पालखी चांगलीच जड असते. वडील कायम तिच्यासमोर उभे असायचे, त्यांना हे ठाऊक नसावं.