गडग्यापलीकडचे आंबे

पायरीचा आंबा हौसेने कापावा आणि आत अळ्या वळवळताना दिसाव्यात, याइतका अपमान दुसरा नाही. आमच्या परसातल्या झाडाने तो माझा लागोपाठ काही वर्षं केला. वरून साल कशी पिवळीधमक, आणि आत नुसता लगदा.

हे कलम माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं. झाड जरा धरायला लागलं आणि तो गेला. महाडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पोलादपूरकडच्या या वाडीत राहायला आले, ते बरंचसं या झाडासाठीच. पण परस सामाईक. शिमग्याला मुंबईहून आलेल्या दिराने साफ सांगितलं, "वयनी, यंदा पन आंबे किडले ना, तर झाड तोडून टाकू. गाडीला शेड तरी होईल."

"बघू," मी म्हटलं. मनात म्हटलं, तोडून तर दाखव!

उपाय मला ठाऊक नव्हते असं नाही. कृषी सहायकाने नीट समजावलं होतं. फळमाशी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, आंबा गळला की मातीत शिरतात आणि माश्या होऊन परत झाडावर. मी फांद्यांना प्लास्टिकचे सापळे टांगले. आतल्या गोळीच्या वासाने नर येऊन मरायचे. गळलेला प्रत्येक आंबा उचलून खोल पुरत होते. तरी माश्या हटेनात.

एकदा दगडी गडग्यापलीकडे नजर गेली आणि डोक्यात प्रकाश पडला. तिथे माझ्या चुलत जावेचं घर, बारमाही कुलूपबंद. तिच्या रायवळ आंब्याच्या झाडाखाली कुजक्या आंब्यांचा सडा. आमच्या वाडीत दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबा मालकाने सांगितल्याशिवाय कोणी उचलत नाही. मालक मुंबईत का असेना, माणसं वळसा घालून जातात. रीत चांगली आहे, मलाही पटते. पण या रीतीच्याच जिवावर माश्या पोसल्या जात होत्या.

जावेला फोन लावला.

"माझे आंबे हायत ते. कुजूदेत नायतर कायपन होऊदे. तुला कशाला गो काळजी?"

मी तिच्या आंब्यांची साठं घालून विकणार, असं तिला वाटलं असावं. मला असा संताप आला! गडगा कंबरेएवढाच, ओलांडणं अवघड नव्हतं. पण मला राहायचं होतं याच वाडीत. मी माझाच एक किडका आंबा फोडला, फोटो काढला आणि तिच्या चहाच्या वेळेला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्याकडून आलेले पाहुणे.' दुसऱ्या दिवशी व्हिडिओ, वळवळ स्पष्ट दिसेल असा. मग रोजच. शेवटी तिचाच फोन आला.

"उचल गो बाय, उचल! पन ते फोटो बंद कर. नाश्ता जात नाय."

मग काय, रोज सकाळी गडग्यापलीकडे जाऊन तिचेही आंबे उचलायचे आणि पुरायचे. वाकून कंबर धरायची, हाताचा आंबूस वास जेवतानाही जायचा नाही. येणारेजाणारे हसायचे. "बाई, आता आंब्यांचंपन मयत करता काय?"

"हो," मी म्हणायचे, "तेराव्याला जेवायला या."

मे सरता सरता दीर आला. झाड तोडणाऱ्याला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी आढीतले आंबे काढून दिले नाहीत. "भावोजी, तुमच्या हातानेच निवडा," म्हटलं. नंतर मागे बोलायला जागा नको.

पहिला कापला, स्वच्छ. दुसराही स्वच्छ, केशरी रसाचा. तिसऱ्यात देठाजवळ अळ्या निघाल्या. इतकं करून शेवटी हेच.

दिराने सुरीने किडका भाग काढून टाकला आणि उरलेली फोड तोंडात घातली.

"कलम बांधलं तवा पाऊस होता, वयनी. दादाच्या डोक्यावर छत्री मी धरली होती. दरवर्षी किडका आंबा बघितला की वाटायचं, दादाची मेहनत फुकट गेली. बघवत नव्हतं, म्हणून तोडा म्हणत होतो. आता नाय तोडायचं."

मला आजवर वाटत आलं होतं, त्या झाडाची माया एकट्या मलाच आहे. मी त्याच्यासमोरच रडायला लागले, आणि तो खाली मान घालून चौथा आंबा कापत राहिला.