ओट्यावरचा पेपर

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. खोली कोणाच्या निधीतून झाली, कोणाच्या शुभहस्ते उघडली, वगैरे. निवडणूक लागली की ती झाकायची असते. जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली त्या सकाळी मी खळ करून पाटीवर रद्दीचा पेपर चिकटवला, आणि मागे सरून पाहते तर पेपरातून तेच साहेब हात जोडून हसत होते. ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. मीही हसले आणि वरून खाकी कागद डकवला. त्या निवडणुकीत ओट्यावर आम्ही हसलो ते तेवढंच.

मी इथली ग्रंथपाल. गाव खानदेशातलं, म्हसावदच्या वाटेवरचं, माझं माहेर नगरकडचं. इतकी वर्षं राहूनही माझी अहिराणी ऐकून लहान मुलंसुद्धा तोंड फिरवून हसतात. म्हणूनच आमच्याकडचं खरं वाचनालय म्हणजे मी नव्हते, आबा होते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले आबा रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायचे. डोळे छापील मराठीवर आणि तोंडात अहिराणी. मजुरीच्या टेम्पोची वाट पाहणाऱ्या बाया, डेअरीवर दूध घालून आलेले गडी, दोनचार म्हातारे, सगळे कान देऊन ऐकत. त्यात सातपुड्यातून खाली आलेली एक पावरा आदिवासी म्हातारी होती. मुलांबरोबर शेतावरच्या झोपडीत राहायची, शाळा तिने पाहिलेली नव्हती. शेतवस्तीच्या विहिरीवर पाण्याला जाता-येता हंडा बाजूला ठेवून ती पायरीवर टेकायची आणि आबांच्या तोंडाकडे बघत बसायची.

प्रचार सुरू झाला तशी मी डोळ्यात तेल घालून बसू लागले. सकाळी कुलूप काढलं की आधी मासिकं झटकायची, कारण त्यांच्या पानांत कोणीतरी पत्रकं सरकवून गेलेलं असायचं. कपाटातली पुढाऱ्यांची चरित्रं मात्र मी हलवली नाहीत. पुस्तक कपाटात असणं म्हणजे प्रचार नव्हे, असं मी ठणकावून सांगितलं. आबांना एवढंच म्हटलं की दोन्ही बाजूंचं वाचा, आणि पदरचं एक अक्षर घालू नका. आबांना राग आला. पदरचं घालणारा माणूस मी दिसतो का, असं म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग एका बाजूची माणसं आली. त्यांचं म्हणणं, आबा आमची बातमी पडक्या आवाजात वाचतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची आली, त्यांचंही तेच म्हणणं. मी दोघांनाही चहा पाजला. जे छापलंय ते वाचलं जाईल, वाचनालय कोणाचं नाही, असं सांगून वाटेला लावलं. पुढे त्या दोन्ही बाजूंचं जन्मात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं: ओट्यावरचं वाचन बंद व्हावं. निवडणुकीपुरतं, असं ते गोड शब्दांत म्हणाले. मी नाही म्हटलं.

त्यानंतर कोणी भांडायला आलं नाही. वाचन सुरू झालं की समोर निंबाखाली एक पांढरी गाडी येऊन थांबायची. काचा वर, इंजिन चालू. आबांनी पेपर मिटला की निघून जायची. कोणत्या बाजूची ते कळत नव्हतं, आणि विचारायला कोणी जात नव्हतं. ओट्यावरची दोन तरुण पोरं मांडीवर मोबाइल आबांकडे उभा धरून बसायला लागली. दुधवाल्यांना अचानक घाई होऊ लागली. बाया टेम्पोसाठी पुढच्या चौकात उभ्या राहायला लागल्या. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा संतापही येत होता.

मग एके सकाळी गावातलाच एक ओळखीचा माणूस ओट्यावर आला. आबांच्या पाया पडला, शेजारी बसला आणि अगदी मायेने म्हणाला, "आबा, तुम्हनी सूननं अंगणवाडीमा काम बराबर चाली ऱ्हायनं ना?"

आबा हो म्हणाले. तो म्हणाला, चांगलं आहे, आणि उठून गेला. आबांनी पेपर अर्ध्यावर मिटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गुडघ्याला कळ लागली.

मी हट्टाने स्वतः वाचायला बसले. माझी शाळेतली मराठी लोकांनी मान डोलावत ऐकली आणि एकेक करून उठून गेले. म्हातारी तेवढी बसून राहिली. समजलं का, असं विचारल्यावर म्हणाली की आबा बरे झाले म्हणजे समजेल.

निकाल लागला. कोण निवडून आलं ते इथेही सांगत नाही, सवय सुटत नाही. पाटीवरचा कागद ओला करून काढला. निंबाखाली आता गाडी थांबत नव्हती. आणि आबा आले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणली. माणसंही पुन्हा जमली. आबांनी पपई-केळीचे भाव वाचले, हवामान वाचलं, निधन वार्ता वाचल्या. मग घडी घातली.

"आपला गावनं काही शे का त्यामा?" म्हातारीने विचारलं.

"नही माय. काहीच नही शे."

ते गेल्यावर... नाही, ते गेले नव्हते, खुर्चीतच होते. मी सहज पेपर उघडला. तिसऱ्या पानावर आमच्या गावाचं नाव ठळक अक्षरांत होतं. शेतवस्तीच्या विहिरीचं पाणी तपासणीत पिण्यालायक नसल्याचं आढळलं होतं, आणि ग्रामपंचायतीला ते कळवूनही कोणी हललं नव्हतं. आता आबांना कोणी काही म्हटलेलं नव्हतं. कोणी बघतही नव्हतं. काय गाळायचं ते त्यांचं त्यांना कळू लागलं होतं.

"माय, त्या हिरनं पानी पेवू नका," मी माझ्या मोडक्या अहिराणीत म्हटलं. "पेपरमा येल शे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा खाली वाकून चपला शोधत होते. त्यांना त्या बराच वेळ सापडल्या नाहीत.

"तसं ऱ्हातं तं आबा सांगतात ना," ती म्हणाली. माझी समजूत घालावी तशी हसली, हंडा उचलला आणि चालू लागली.

मी पेपर घेऊन तिच्या मागे धावले. विहिरीपाशी तिला गाठलं आणि तिसरं पान तिच्यासमोर धरलं. त्या पानावर तिला एक अक्षरही वाचता येणार नव्हतं.