रोझाबाईंचा पाण्यातला संत

जून २००६, दुसरा शनिवार. हजर: मी, माझे यजमान अविनाश, सासूबाई, वय शहात्तर, आणि आमची मुलगी ईशा, वय चौदा. ठिकाण: इटलीच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव, सहलीचे शेवटचे चार दिवस. माझ्या वहीत अशी नोंद आहे. प्रत्येक प्रवासाची मी करते. त्या नोंदीत एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती, ती इथे लिहिते.

निघण्याच्या आठवडाभर आधी अविनाशच्या मानेतल्या गाठीत सुई घालून नमुना घेतला होता. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टला दोन आठवडे लागतील, घरी बसून तो लवकर येणार नाही, तुम्ही जाऊन या. मी त्यांना त्या गावातल्या मुक्कामाचा फोन नंबर देऊन ठेवला. सासूबाईंनी त्याच दिवशी अमेरिकेतल्या, वेस्ट विंडसरच्या आमच्या घरातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पातेल्यात पाण्यात ठेवली. रिपोर्ट चांगला आला की बाहेर काढायची. त्यांच्या माहेरी संकटात देव असेच पाण्यात ठेवत. मी देव मानते, पण मला हे देवाला कोंडीत पकडण्यासारखं वाटे. शिवाय बंद घरात दहा दिवस साचलेलं पाणी. म्हणून निघायच्या सकाळी यादीतल्या दिवे, गॅस, कचरा यांच्यावर खुणा करता करता मी दोघांनाही बाहेर काढलं, पुसून देवघरात ठेवलं, पातेलं पालथं घातलं आणि सासूबाईंना काही बोलले नाही. विमानतळाची गाडी दारात आल्यावर त्या “एकदा बाथरूमला जाऊन येते” म्हणून परत आत गेल्या आणि सहा मिनिटं लावली. तीही मी मनात मोजली.

विमान वर गेलं आणि मला भीती वाटायला लागली. रिपोर्ट वाईट आला तर? ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, तीच मोडल्याची भीती. ही भीती कोणत्या रकान्यात लिहायची ते मला कळेना, म्हणून मी ती कुठेच लिहिली नाही.

गाव एवढंसं होतं. बंदरापासून आमच्या मुक्कामापर्यंत एकशे चार पायऱ्या. घरं पिवळी, गुलाबी, विटकरी. खिडक्यांना हिरव्या झडपा. समोरासमोरच्या घरांमध्ये कप्पीवर ओढायच्या वाळणाच्या दोऱ्या. उलट्या करून ठेवलेल्या होड्यांवर मांजरं झोपलेली असत. एका बाकावर चार म्हातारे बसायचे आणि सावली सरकली की चौघंही उठून पुढच्या बाकावर जायचे. दुकानं एक ते चार बंद. माझ्या यादीतली बहुतेक कामं त्याच वेळेत लिहिलेली होती, त्यामुळे पहिल्याच दिवशी यादी बारगळली. चर्चमध्ये छताला लाकडी होड्या टांगलेल्या होत्या, वादळातून सुखरूप परतलेल्यांनी वाहिलेल्या. दारोदार पत्र्याच्या डब्यांत बेसिल लावलेलं होतं. ही तुळस नव्हे, असं मी सांगितलं. “बहीण असेल तिची,” असं म्हणून सासूबाई जाता-येता प्रत्येक डब्याला हात जोडत राहिल्या. बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही त्याची सवय झाली. एकाने टोपी काढून उलट नमस्कार केला.

आमची घरमालकीण रोझा, सासूबाईंच्याच वयाची. सासूबाई तिला पहिल्या दिवसापासून रोझाबाई म्हणत. दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि त्यांचं अडत नसे. आमचं अडलं की ईशाचं शाळेतलं स्पॅनिश कामी यायचं. त्यातला निम्मा भाग इटालियनला लागू पडतो, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांचा फोन सोमवारी दुपारी तीननंतर यायचा होता आणि फोन रोझाबाईंच्या स्वयंपाकघरात होता. अडीचपासून आम्ही चौघं तिथे बसलो. रोझाबाई शेंगा सोलत होत्या. सासूबाईंनी न विचारता अर्ध्या आपल्यापुढे ओढल्या. मी खिडकीकडे पाहिलं. तिथे पाण्याने भरलेला काचेचा ग्लास होता आणि त्यात बोटाएवढा धातूचा संत उभा होता, डोक्यापर्यंत बुडालेला.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “यांनीपण पाण्यात ठेवलाय.”

ईशाने विचारलं. रोझाबाईंनी समुद्राकडे हात केला आणि बरंच बोलल्या.

“आजी, तिचा मुलगा वर्क्स ऑन अ शिप,” ईशा म्हणाली. “त्याचा फोन नाही आला. तो येईपर्यंत हा पाण्यात. शी सेज, या संतालापण कळू दे, पाण्यात कसं असतं ते.”

“बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलली.

माझ्याने राहवेना. मी म्हटलं, “आई, मी आपले देव बाहेर काढून ठेवलेत. निघायच्या दिवशीच.”

“ठाऊक आहे मला.”

“कसं?”

“बाथरूमला म्हणून आत गेले ना, तेव्हा पाहिलं. परत ठेवले पाण्यात.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तू तरी कुठे बोललीस?”

अविनाश हसायला लागला. “माझ्यापेक्षा देवांचीच जास्त धावपळ झालेली दिसतेय,” तो म्हणाला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

तो उभ्यानेच बोलला. फोन ठेवून म्हणाला, “नमुना पुरला नाही. काहीच सांगता येत नाही. परत गेल्यावर पुन्हा सुई.” म्हणजे चांगलं नाही, वाईट नाही, आणखी थांबायचं. मी लगेच वही उघडली, पण पेन हातात नुसतंच राहिलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

ते रोझाबाईंनी पाहिलं. त्यांनी हात पुसले, माझं मनगट धरलं आणि मला खिडकीशी नेलं. अविनाशकडे बोट करून नाव विचारलं. मी सांगितलं. ग्लासाजवळ वाकून त्यांनी ते तीनदा उच्चारलं, दर वेळी वेगळंच. मग कागदाच्या एका तुकड्यावर आपला पत्ता लिहून माझ्या वहीत ठेवला आणि हवेत लिहिण्याची खूण केली. ईशा म्हणाली, “तू लेटर पाठवायचं, बाबा बरा आहे म्हणून. तिचा मुलगा आला तरी तुझं पत्र येईपर्यंत ती संताला बाहेर नाही काढणार.”

यापलीकडे काही घडलं नाही. पण त्या दुपारी, गाव झडपा लावून झोपलं तेव्हा, मीही झोपले. कितीतरी दिवसांनी, उशाशी वही न घेता. माझ्याकडून करण्यासारखं सगळं करून झालं होतं. उरलेलं एका परक्या बाईने, जिला माझं आडनावही माहीत नव्हतं, आपल्या खिडकीत उचलून ठेवलं होतं. देवाला आपण कोंडीत पकडतो असं मला वाटायचं. त्या दिवशी वाटलं, आपण त्याला फक्त सोबत थांबायला सांगतो.

जुलैत दुसरा नमुना घेतला. गाठ साधी निघाली. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी देव पाण्यातून काढले, पंचामृताने न्हाऊ घातलं, शिरा केला. मी यादीत लिहिलं: रोझाबाईंना पत्र.

आता सप्टेंबर संपत आला. ही ओळ मी दर रविवारी पुढच्या आठवड्याच्या यादीत उतरवून घेते. भीती होती तेव्हा मी फोनशी अर्धा तास आधी जाऊन बसले होते. आभाराला मात्र मला सवड होत नाही. आणखीही एक कारण आहे, तेही लिहिते. रोझाबाईंचा मुलगा परतला का, हे मला माहीत नाही. आमची चांगली बातमी कोणत्या घरात जाऊन पडेल, या विचाराने हात अडतो. पण ते ठरवणं माझं काम नव्हे. माझं काम पत्र लिहिण्याचं. ईशाच्या स्पॅनिशच्या बाई ते इटालियनमध्ये करून द्यायला तयार आहेत. पाकिटावर पत्ता घातलाय, तिकिटं लावलीत.

आत घालायचा कागद अजून कोरा आहे, आणि तिकडे खिडकीत तो संत माझ्यासाठी पाण्यात उभा आहे.