चोवीस तास चहा नाही

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाचा खालचा भाग हलत नाही. तो मेलाय की रक्तावाचून नुसता गप्प पडलाय, हे एका तपासणीच्या फोटोंवरून कळणार होतं. जिवंत असेल तर ऑपरेशन, मेला असेल तर गोळ्या घेत बसायचं. तारीख मिळायलाच दीड महिना गेला. आणि अट अशी की आदले चोवीस तास चहा-कॉफी बंद. चहा पोटात असला की तपासणीचं औषध नीट चढत नाही, फोटो खोटे येतात.

मी पाळी गावच्या खाणीवर जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, चहावरच जगलेला. वर सोबत कुणाला तरी आणा म्हणाले. आणू कुणाला, कपाळ! बायको जाऊन दोन वर्षं झाली, मूलबाळ नाही. खाणी बंद पडल्या तसे सोबतीही पांगले. डिचोलीहून पहिल्या बसने एकटाच इस्पितळात गेलो. चहाविना डोकं ठणकत होतं.

बाकड्यावर शेजारी पेडण्याकडची एक बाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली. नवऱ्याला आत नेल्यावर तिने थर्मास उघडला. माझ्याकडे बघून म्हणाली, "एकटेच आयल्यात? घेयात भाऊ, गरम आसा."

मला ठाऊक होतं. अगदी लख्ख ठाऊक होतं. पण दोन वर्षांत माझ्यासाठी घरचा चहा कुणी ओतला नव्हता. हॉटेलातला मी धरत नाही. नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडाने प्यायलो. आलं घातलेला होता. डोळ्यांत पाणी आलं मेलं.

मला आत घेतल्यावर तपासणीच्या मुलीने विचारलं, "चहा नाही ना घेतला?"

नाही म्हणून दडपून नेलं असतं. पण खोट्या फोटोंवर छाती फाडून घेणार होतो की काय? घेतला म्हटलं. ती भडकलीच. "काका, लहान आहात का तुम्ही? किती लोक तारखेसाठी थांबलेत!" तिचं बरोबरच होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मी लगेच बाहेर आलेला बघून ती बाई म्हणाली, "इतक्या बेगीन जालें?"

"मशीन बिघडलंय," म्हटलं. तिला सांगून काय मिळवणार होतो?

दुसऱ्या खेपेला सगळी बाकडी बघितली. ती नव्हती. कशी असेल? या वेळी कोरडा गेलो होतो. औषध शिरलं तशी छाती गच्च झाली, मग हात डोक्यावर घेऊन यंत्राखाली पडून राहिलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा भाग बघा, रंग दिसतोय. म्हणजे जिवंत आहे. रक्त पुरेसं पोचलं की पुन्हा हलू शकेल. ऑपरेशन करू या."

मी लाज सोडून हसलो. माझ्यात काहीतरी जिवंत होतं!

"आधी घरी फोन करून सांगा," ते म्हणाले. "तोवर मी कागद करतो."

बाहेर उघड्या जनेलापाशी वाऱ्याला गेलो. फोनमधली नावं वर-खाली केली. गॅसवाला. बँक. खाणीवरचा जुना मुकादम, त्याचा नंबर केव्हाच बंद झालेला. न लावलेला फोन थोडा वेळ कानाशी धरला, आणि आत आलो.

"कळवलं?"

"होय," म्हटलं. "सगळे खूश झाले."