मेरेवरचं हिरवं गवत

मेलेली बकरी फाडणारी बाई म्हणून गावाने मला नावं ठेवली. खुशाल ठेवोत. मी फाडली होती, आणि आज तशी वेळ आली तर पुन्हा फाडीन.

तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तापाने माझं दूध आटलं होतं, गाईचं तिला पचत नव्हतं, आणि ती जगत होती ती आमच्या एका दुभत्या बकरीवर. नवरा मुंबईला गिरणीत. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे त्याच्या येण्याचा प्रश्नच नव्हता. घरात मी, सासू, पोर आणि चार बकऱ्या.

श्रावणात बकऱ्यांना हगवण लागली. डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढरेपणा आला, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज उतरली. मी जिवाचं रान केलं. उजाडता उजाडता त्यांना भातखाचराच्या मेरेवर, ओल्या बांधावर नेऊन बांधायची, कारण तिथलं गवत सगळ्यांत हिरवं, दवाने भिजलेलं, लुसलुशीत. आजारी जनावराला चांगलं ते द्यावं, एवढंच मला कळत होतं. तरी एक मेली. आठवड्याने दुसरी मेली.

गुरवाने देवळात कौल लावला. सीमेवरचा राखणदार देव रागावला आहे, दुभती बकरी त्याला द्या, असं निघालं. येत्या रविवारी द्यायची, असं सासूने कबूलही करून टाकलं.

आपणहून मेलेलं जनावर आमच्याकडे कुणी उघडत नाही. ओढत न्यायचं आणि पुरायचं. दुसरीला मी परसात नेलं आणि कोयतीने तिचं पोट फाडलं. कोठ्यात दोऱ्यासारखे जंत, लाल-पांढऱ्या पिळाचे, मुठीमुठीने. काही अजून वळवळत होते. पळसाच्या पानावर ते घेऊन मी ओटीवर गेले. कौलाचं सांगायला आलेला गुरव तिथेच बसला होता.

"अगो, देवानंच पाठवलान हे," सासू म्हणाली.

"मग आये, जंतांनी भरलेली बकरी देवाला कशाला देताव?" मी विचारलं. गुरवाने पानाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

चौथी बकरी मात्र टुणटुणीत होती. द्वाड होती ती. रोज दावं कुरतडायची आणि वर सड्यावर, कातळाच्या माळावर पळायची, तिथलं खुरटं गवत आणि करवंदीचा पाला ओरबाडायला. तिला मी किती शिव्या घातल्या असतील! त्या दिवशी मी तिच्याकडे बघत राहिले. घर एक, पाणी एक, गोठा एक. फरक होता तो फक्त मेरेवरच्या गवताचा.

दुभतीला मी सड्यावर नेलं. ऊन पडून गवत सुकल्याशिवाय तिला चरू देत नसे, आणि माहेरी आम्हा पोरांना जंत झाले की आई द्यायची ती पळसपापडी, पळसाचं बी, ताकात वाटून तिला पाजली.

"बकरी मेली तर पोरीचा जीव तुज्या माथी," सासू रडत म्हणाली.

"असूं दे माज्या माथी!"

रविवार आला. गुरव दावं घेऊन दारात उभा राहिला. मी पोरीला कडेवर घेतलं आणि गोठ्याच्या दारात बसले. त्याने सासूकडे पाहिलं. सासू आत गेली आणि एक नारळ आणून तिने त्याच्या हातावर ठेवला. बकरी भादव्याच्या शेवटी शेवटी भरून आली, पोर दसऱ्याला धरून उभी राहायला लागली.

गावात अजून म्हणतात, हिने देवाचं हिसकावून घेतलं. देवाची माफी मी कधी मागितली नाही, मागणारही नाही. पण त्या मेलेल्या दोन बकऱ्या मेरेवर जायला तयार नसायच्या. मी त्यांना गोंजारून, ओढून नेत होते.